दोन खोल्यांमधला अर्धा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, बालमित्रांनो, पण स्वतःला पुरता दरवाजा म्हणवून घ्यायला माझी जीभ रेटत नाही. मी अर्धाच आहे. जमिनीपासून निघतो आणि बसलेल्या बाईच्या हनुवटीपाशी येऊन संपतो. वर मोकळी हवा. चोराला मी अडवू शकत नाही, धुळीला नाही, आणि मांजर तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही, उडी मारून जातं. मला ओलांडू शकत नाही असं या जगात एकच माणूस आहे, ते म्हणजे नुकतं चालायला लागलेलं. माझी नेमणूक त्याच्यासाठीच झाली आहे.

माझ्या एका अंगाला मोटारी भरायची खोली आहे. मोटार म्हणजे रस्त्यावर धावते ती नव्हे. पंख्याच्या आणि पाण्याच्या पंपाच्या पोटात असते ती. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार भरायची, हे काम तिथे शिकवतात. शिकायला येतात ती शाळा सोडलेली किंवा शाळेने सोडलेली तरुण पोरं आणि पोरी. त्यातल्या बऱ्याच पोरी कडेवर मूल घेऊन येतात, कारण ते ठेवायला दुसरी जागा नसते. म्हणून माझ्या दुसऱ्या अंगाला त्या मुलांची खोली. तिथे सतरंजी आहे, लाकडी ठोकळे आहेत, एक पाळणा आहे आणि मावशी आहे. मावशी नात्याने इथल्या कुणाचीच मावशी लागत नाही, पण तिला दुसरं काही नाव असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

ही दोन खोल्यांची संस्था मोठ्या बाईंनी काढली. त्या पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. लेकुरवाळ्या पोरींना काम का मिळत नाही आणि मिळालं तर का टिकत नाही, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं होतं.

माझ्या जन्माची गोष्ट सांगतो. मी आधी अख्खा होतो. एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या अंगाला मी उभा असे. दुकान बसलं, माल गेला, गिऱ्हाईक गेलं, मी उरलो. मोठ्या बाईंनी मला हातगाडीवर आडवा घालून आणलं आणि या दोन खोल्यांमध्ये बसवलं. मी इमानाने बंद राहू लागलो. दरवाजाचं काम तेच, असं मला वाटे. पण झालं काय, पलीकडे मूल रडलं की अलीकडची आई हातातलं टाकून उठायची, मला उघडून बघायची, तर रडणारं मूल दुसरीचंच. ती परत जागेवर बसेपर्यंत दुसरी उठायची. दिवसभर माझ्या बिजागऱ्यांना उसंत नव्हती आणि मोटार एकही धड भरून होत नव्हती. मला काढावं तर मुलं तार जोडायच्या तापलेल्या सळयांवर जाऊन पडतील, ठेवावं तर हे असं. असून अडचण, नसून खोळंबा, ही म्हण मी तेव्हा स्वतःच्या अंगावर अनुभवली.

मग एक म्हातारे सुतारकाका आले. किती कापू, असं त्यांनी विचारलं, तर प्रत्येकीने वेगळी उंची सांगितली. शेवटी काकांनी सगळ्या पोरींना आपापल्या स्टुलावर कामाला बसायला लावलं आणि प्रत्येकीची नजर माझ्यावर कुठे पोचते तिथे पेन्सिलीने खूण केली. सगळ्यात बुटकी होती ती मान उंच करून बसली. काका म्हणाले, "मान ताणू नको गं. दिवसभर अशी बसणार आहेस का जिराफासारखी?" ती हसली, मान खाली आली, आणि काकांनी तिच्या खुणेच्याही जरा खालून करवत फिरवली.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण वरचा तुकडा गेला आणि मला पहिल्यांदा दोन्ही खोल्या एकदम दिसल्या. काकांनी माझा वरचा काठ घासून घासून गोल केला. म्हणाले, पोरं चावणार. पोरं चावली. माझ्या काठावर जितके दुधाचे दात उमटले आहेत तितके एखाद्या आईच्या खांद्यावरही नसतील.

आता इथलं काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोटारीत भरायची तार आधी लाकडी फर्म्यावर गुंडाळतात. उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्या हाताने तार सरळ धरायची आणि मनात वेढे मोजायचे. प्रत्येक गुंडाळीत वेढे सारखे पडले तर मोटार गार राहते. एका गुंडाळीत कमी पडले, दुसरीत जास्त पडले, तर मोटार गुरगुरते, तापते आणि जळते. शिकवणारे मास्तर माणसांशी कमी आणि मोटारींशी जास्त बोलणारे. ते म्हणत, चुकलेला वेढा इथे बोलत नाही, लोकाच्या घरी जाऊन बोलतो. म्हणून मोजताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं तर नाहीच.

आणि मूल रडलं तर?

त्यावर मावशीने तोड काढली. तिला इथे 'दाखवणं' म्हणतात. मूल फारच रडायला लागलं की मावशी त्याला उचलून माझ्यापाशी आणते आणि काठावर बसवते. आई मूठ फिरवत असते, ओठांत आकडे चालू असतात. ती फक्त डोळे वर करते. मूल आईला बघतं, आई मुलाला बघते. आई आहे, पळून गेलेली नाही, एवढी खात्री पटली की मूल हुंदके देत देत गप्प होतं आणि मावशी त्याला परत ठोकळ्यांकडे नेते. वेढा चुकत नाही. नव्या पोरींना हे पहिल्या दिवसांत जमत नाही, त्या मूठ सोडून धावतात. हळूहळू जमतं. ज्यांना मुलं नाहीत ते पोरगेसुद्धा डोळे वर करायला शिकले होते. एका पोरग्याचा तर बघून बघून मुलांना इतका लळा लागला होता की ती त्यालाच बाप समजायची, आणि बाकीचे त्याला लग्नाआधीच लेकुरवाळा झालास म्हणून चिडवायचे.

ती माझी सुखाची वर्षं. बघायला पाहुणे येत, तेव्हा मोटारींपेक्षा माझंच कौतुक जास्त व्हायचं. किती साधी कल्पना, असं म्हणून ते माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेत. मला निळा रंग मिळाला, मग हिरवा, मग पुन्हा निळा. मला गर्व झाला होता की काय, सांगता येत नाही. लाकूड फुगतं ते पावसाळ्यात, असं म्हणतात. माझं बारमाही फुगलेलं असायचं.

अशात ठकीची आई आली.

वयाने विशीच्या आतबाहेर. ठकी कडेवर, नाकाला शेंबूड, मुठीत आईच्या ओढणीचं टोक. नवरा दुसरीबरोबर निघून गेला होता आणि ही भावाच्या घरी राहत होती. भाऊ वाईट नव्हता. त्याच्या एका खोलीत त्याचीच चार माणसं होती. वहिनी तोंडाने काही म्हणत नसे, पण भांडी जोरात ठेवत असे. भावाने तिला सरळ सांगितलं होतं: शिकून घे, माझ्या ओळखीचा पंपवाला आहे, त्याने कामावर घेतलं तर ठकीला घेऊन इथे राहा, घरात हातभार लाव. नाही जमलं तर ठकीला लांबच्या गावी आत्याकडे ठेवू आणि तू कुठेतरी चोवीस तासांच्या कामाला लाग. आत्या पोर सांभाळायला तयार होती, पण तिची एक अट होती. पोर रुळेपर्यंत आईने तोंड दाखवायचं नाही. येऊन जाऊन राहिली की पोर बुजतं, असं तिचं म्हणणं.

म्हणजे बाकीच्यांना मोटार चुकली तर मोटार जायची. हिची चुकली तर ठकी जायची. हे तिने मावशीला सांगितलं ते माझ्या काठावर हात ठेवून, मोटारीला लागणारं काहीतरी सामान मागावं तशा सपाट आवाजात. मावशीने ठकीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "शीक तू. हिला मी बघते."

आणि ती शिकली. हात मोठा हुशार होता तिचा. ठकीला 'दाखवणं' फार लागायचं, सारखी रडून दरवाजाशी यायची, पण आईचा आकडा कधी हलला नाही. मास्तर एकदा तिच्या गुंडाळ्या हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिले आणि काहीच न बोलता खाली ठेवल्या. मास्तरांच्या मानाने हे भाषणच झालं.

त्याच सुमारास तपासणीच्या बाई आल्या.

संस्थेला मदत करणारी मंडळी दुसऱ्या शहरात होती. त्यांनी या बाईंना पाठवलं होतं. मी लाकूड असलो तरी खोटं बोलणार नाही, बाई चांगल्या होत्या. मुलांच्या खोलीत गेल्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या, ठकीने दिलेला ओला ठोकळा हातात धरून राहिल्या. आणि बसल्या बसल्या खोकू लागल्या. मोटार भरून झाली की तिला वॉर्निश पाजतात आणि भट्टीत सुकवतात. त्याचा उग्र वास येतो. आम्हाला तो सवयीचा झाला होता. बाई म्हणाल्या, एवढाल्या मुलांच्या छातीत हा वास जाणं बरोबर नाही, दोन्ही खोल्या नीट वेगळ्या करा, मी पुन्हा येईन तेव्हा झालेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मुलांच्या खोलीची मदत पुढे चालू ठेवा असं मला सांगता येणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. चूक झाली ती आमच्याकडून.

आमची माणसं दुरुस्तीची. जळालं की भरायचं, तुटलं की जोडायचं, हातात पाना घेतल्याशिवाय त्यांना विचारच सुचत नाही. त्यात मदत जाईल या धास्तीने मोठ्या बाईंनी घाई केली. तपासणीच्या बाईंची पाठ वळली तशी मास्तरांनी जुन्या टेबलाची प्लायवूडची फळी शोधून आणली आणि संध्याकाळच्या आत ती माझ्या डोक्यावर चौकटीला स्क्रूंनी आवळून बसवली. वर मोकळं होतं ते बंद झालं. मोटार तापली तर ती कुठे तापते ते आधी हात लावून बघा, हे मास्तर पोरांना रोज शिकवायचे. वास कुठून येतो, ते मात्र कुणी हात लावून पाहिलं नाही. जड वास वरून उडत जात नाही, मित्रांनो. तो जमिनीवरून सरपटतो. तो माझ्या पायाखालच्या फटीतून जात होता, आणि फळी बसली त्या रात्रीही तसाच गेला. सुतारकाका असते तर त्यांनी विचारलं असतं. पण ते तोवर गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून काय सुरू झालं ते आठवलं की माझी लाकडं आजही कुरकुरतात.

फळीतून रडणं ऐकू यायचं, पण कुणाचं ते कळायचं नाही. दिसत होतं तोवर एक मूल रडलं तर एकच आई डोळे वर करायची. आता एक मूल रडलं की सगळ्या मुठी थांबायच्या. प्रत्येकीला ते आपलंच वाटायचं. मावशी मुलाला उचलून माझ्यापाशी आणायची ती सवयीने, आणि फळीसमोर उभी राहायची. मूल फळीकडे बघायचं. पलीकडून घसा खरवडल्यासारखं रडणं यायचं आणि इकडे मोटारींच्या खोलीत कुणीतरी हळूच म्हणायचं, किती झाले होते गं माझे? कोण सांगणार.

आकडे चुकू लागले. मोटारी तापू लागल्या. खोलीत जळक्या तारेचा वास रोजचा झाला. आधी एक पोरगी यायची बंद झाली. मग दोन बहिणी यायच्या त्या थांबल्या, त्यांच्या सासूने म्हणे सांगितलं, पोर रडून रडून आजारी पडतंय आणि शिकता कसल्या, मोटारी जाळता. मावशीच्या सतरंजीवर जागा रिकामी दिसू लागली. मोठ्या बाई रिकाम्या स्टुलांकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. मदत टिकावी म्हणून त्यांनी मला बंद केलं होतं, आणि मदत ज्यांच्यासाठी होती तीच माणसं एकेक करून निघून चालली होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

ठकीची आई थांबली. तिला जायला जागाच नव्हती.

पंपवाला आला तो अशा दिवसांत. गलेलठ्ठ माणूस, हाताला सतत तेल. त्याची रीत साधी होती: हिने भरलेली मोटार सकाळी चालू करायची आणि दुपारपर्यंत चालवायची. मधूनमधून तो तळहात ठेवून बघणार. गार राहिली तर काम. तिने भरलेली मोटार सुरू झाली. थोडा वेळ नीट फिरली. मग तिच्यातून बारीक गुरगुर यायला लागली, आणि पंपवाल्याने तळहात ठेवला तो चटकन काढून घेतला. दुपारच्या आतच धूर निघाला.  पलीकडे ठकी रडत होती आणि माझ्या पाठीवर तिच्या हाताचे छोटे फटके पडत होते.

पंपवाला जाताना म्हणाला, भावाची ओळख आहे म्हणून आणखी एकदा बघतो. येत्या शुक्रवारी. मग मात्र नाही.

त्याच संध्याकाळी भावाचा निरोप आला की आत्याला बोलावून घेतलं आहे. रविवारी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, फळी काढा. मी एकटी वॉर्निश अंगणात नेऊन करते, सगळ्यांचं करते, भट्टीही बाहेर ओढते, पण ती काढा. मोठ्या बाईंनी तिला समजावलं. तपासणीच्या बाई कधीही येतील, त्यांना भिंत दिसली पाहिजे, तेवढी तपासणी होऊ दे, मग आपणच काढू.

"मग काढून काय करू?" ती म्हणाली. "तोवर माझी पोर दुसऱ्याच्या दारात असेल."

"अगं, मुलांची मदत गेली तर एकट्या तुझी नाही, सगळ्यांचीच मुलं जातील. मी काय करू, तूच सांग."

"वास खालून जातो, बाई. वरून फक्त आमची नजर जात होती."

 मोठ्या बाईंनी पदराने चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. ठकीची आई कामाला जाऊन बसली.

तिने फर्म्याला तार लावली. मूठ फिरवली. पलीकडे ठकी रडू लागली. ती मोजत राहिली. ठकीचं रडणं चढलं. तिचे ओठ हलत होते, पण मी इतकी वर्षं हे बघतोय, मला कळलं की ओठांत आता आकडे नाहीत. तिने मूठ सोडली. गुंडाळी उसवली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिने तार खाली ठेवली, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्टूल ओढत माझ्यापाशी आली.

एकेक स्क्रू ती काढू लागली. एकाचं डोकं झिजलं होतं, तो फिरेना. तेव्हा मास्तर उठले. मला वाटलं, ते तिला खाली उतरवणार. त्यांनी दुसरा, मोठा स्क्रूड्रायव्हर आणला आणि तो स्क्रू स्वतः काढला. आवाजाने मोठ्या बाई बाहेर आल्या. फळी अर्धी लोंबत होती. बाईंनी बघितलं. संस्था त्यांची, धास्ती त्यांची, रात्रीची झोप उडालेली त्यांची. एका शब्दात त्या हे थांबवू शकत होत्या.

त्या म्हणाल्या, "खालून धरा. पलीकडे पोरं आहेत, अंगावर पडेल."

आणि स्वतः पलीकडे जाऊन त्यांनी मुलं मागे घेतली.

फळी उतरली. मावशीने ठकीला उचलून माझ्या काठावर बसवलं. ठकीचं तोंड रडून सुजलं होतं. तिने आईकडे बघितलं, आणि मित्रांनो, ती गप्प झाली नाही. उलट जास्तच रडली. इतके दिवस कुठे होतीस, असंच विचारत असावी. आईने तिला घेतलं नाही. घेतलं असतं तर मोटार भरायची राहिली असती, हे तिला ठाऊक होतं. ती स्टुलावर जाऊन बसली, मूठ फिरवू लागली आणि डोळे ठकीवरून हलवले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठांत आकडे चालू होते. खोलीत दुसऱ्या कुणाची मूठ फिरत नव्हती. ठकी रडत राहिली, आई मोजत राहिली. खूप वेळाने ठकीने माझ्या काठावर गाल टेकला आणि ती नुसतीच बघत बसली.

त्याच दिवशी पोरांनी भट्टी आणि वॉर्निशचे डबे अंगणात ओढून नेले आणि वर पत्रा टाकला. माझ्या पायाखाली मास्तरांनी जाड रबराची पट्टी बसवली. हे आधी केलं असतं तर, असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मोटार सुकली. पंपवाला आला. सकाळी मोटार सुरू झाली. त्याने तळहात ठेवला, चहा घेतला, पुन्हा ठेवला. वर्तमानपत्र वाचलं, पुन्हा ठेवला. दुपार झाली. तो हात पुसत उठला आणि तिला म्हणाला, "उद्यापासून ये." त्याला वाटलं असणार की ही हसेल. ती मोटारीशेजारी खाली बसली. आत्याला भावाने आल्या पावली परत पाठवलं. पण त्याने बहिणीला सांगून ठेवलं, पोरीची सोय आहे तोवर ठीक. घरात तिला सांभाळायला कुणी नाही. तिकडची सोय मोडली तर आत्या आहेच.

इथे गोष्ट संपवता आली असती तर मला किती बरं वाटलं असतं.

तपासणीच्या बाई आल्या. न सांगता आल्या. त्यांनी अंगणातली भट्टी बघितली, रबराची पट्टी बघितली, सतरंजीवर बसून लांब श्वास घेतला आणि खोकल्या नाहीत. त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला आणि ठकीच्या आईच्या जागी आलेल्या नव्या पोरीला मूठ फिरवताना, डोळे वर करताना पाहिलं. त्यांना समजलं, हे मी शपथेवर सांगेन. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, मी जे पाहिलं ते तसंच सांगेन, पण वरच्यांनी पूर्ण बंद भिंत मागितली आहे आणि निर्णय माझा नाही.

निर्णय आला. मोटारी शिकवायची मदत चालू राहणार. मुलांच्या खोलीची थांबली. जणू त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जणू मुलाशिवाय आई आणि आईशिवाय मूठ फिरणार होती. आता भिंत घालू का, असं मोठ्या बाईंनी विचारून पाहिलं. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं.

मावशी अजून येते. बिनपगारी येते. तिच्या घरी मुलगा रोज कटकट करतो, चार घरची धुणीभांडी धरलीस तर चूल तरी पेटेल म्हणतो. त्याचंही काही चुकत नाही. मोठ्या बाई सकाळपासून फोनवर असतात. पूर्वी ज्या पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले त्यांना एकेकाला फोन करतात. ते छान बोलतात, बाईंच्या तब्येतीची चौकशी करतात आणि ठेवून देतात. ठकीची आई दुकानाला जाताना रोज ठकीला इथे सोडते. सोडायच्या आधी ती खिडकीतून डोकावते, मावशी आली आहे का ते बघते, आणि दिसली की मग पाऊल आत टाकते. ज्या दिवशी मावशी दिसणार नाही त्या दिवशी ठकीचं काय होणार, हे तिला माहीत आहे. आणि मलाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, आम्हाला तेल द्या, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. माझ्या बिजागऱ्या वाजतात तर वाजू देत. निळा रंग उडाला तर उडू दे. मला मावशी हवी आहे. पलीकडे सतरंजीवर कुणी बसलेलं नसेल तर मी कितीही नीट उभा राहिलो तरी उपयोग नाही. तुम्ही लहान आहात, तुमच्या हातात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी मोठी माणसं आहेत. त्यांच्या घरचा पंखा फिरतो आहे, पाणी वर चढतं आहे. ते कुणीतरी वेढे मोजून भरलेलं आहे, आणि ती मोजत होती तेव्हा तिचं मूल कुणीतरी धरलेलं होतं. एवढं त्यांना सांगा. तुमच्या रस्त्यावर अशी एखादी खोली असेल तर त्यांना तिथे घेऊन जा. कौतुक करायला नको. काय कमी पडतं आहे ते विचारायला न्या.

आज सकाळी एक नवी पोरगी आली आहे. तिच्या कडेवर काही महिन्यांचंच बाळ आहे. तिने विचारलं, "हिला ठेवून घेता का? मग मी शिकायला येईन." मावशीने हात पुढे केला नाही आणि नाही असंही तिच्याने म्हणवलं नाही. ती मोठ्या बाईंकडे बघते आहे. मोठ्या बाई फोन कानाला लावून उभ्या आहेत, पलीकडून अजून कुणी उचललेला नाही. पोरगी वाट बघते आहे. ती बसलेली नाही, परतही गेलेली नाही. तिने एक हात माझ्या काठावर ठेवला आहे.

लवकर कुणीतरी या.